जूनमधली बोली आणि भिशीचा खरा हिशेब



सीतादही झाले, पहिल्या वेचणीचा कापूस घरात आला, दिवाळी आटोपली, की गावोगाव भिशीचे नाव निघते. कुणी तिला भिशी म्हणतो, कुणी बीसी. बाजाराच्या गावातला एखादा दुकानदार, कृषी केंद्रवाला किंवा गावातलाच एखादा हिशेबी माणूस वही घेऊन बसतो. बारा जण, वीस जण गोळा होतात. दर महिन्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम टाकायची आणि सगळी मिळून एकाने उचलायची. अर्ज नाही, सातबारा नाही, बँकेत हेलपाटे नाहीत. ज्याच्या नावावर थकबाकी आहे, ज्याची जमीन अजून आजोबाच्या नावावर आहे, जो मक्त्याने किंवा बटईने शेती करतो, त्याला बँक उभे करत नाही. भिशीत त्यालाही जागा मिळते.

आम्ही भिशीच्या विरोधात नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. कितीतरी घरांतली लग्ने, बैलजोड्या, विहिरीवरच्या मोटारी भिशीवर झालेल्या आहेत. घरात ठेवलेला पैसा घरात राहत नाही, हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. दवाखाना निघतो, पाहुणा येतो, कुणीतरी हात पसरतो आणि डबा रिकामा होतो. भिशी हा पैसा घराबाहेर नेऊन राखते. हे काम लहान नाही.

आमचे म्हणणे एका गोष्टीपुरते आहे. बोलीच्या भिशीत कोरडवाहू शेतकरी जून महिन्यात बोली लावतो, तेव्हा तो सावकारापेक्षाही महाग पैसा घेत असतो. आणि हे त्याला कळत नाही, कारण भिशीच्या वहीत व्याजाचा रकानाच नसतो. तो रकाना आज इथे मांडून दाखवायचा आहे. बैठकीत हा लेख वाचताना आकडे फळ्यावर किंवा कागदावर मांडावेत, म्हणजे सगळ्यांना पाहता येतील.

भिशीचे दोन प्रकार

पहिली चिठ्ठीची भिशी. डब्यात नावे टाकायची, ज्याचे नाव निघेल त्याने पूर्ण रक्कम उचलायची. इथे कुणाला नफा नाही, कुणाला तोटा नाही. आधी निघाले तर बिनव्याजी उसने मिळाले, शेवटी निघाले तर बिनव्याजी उसने दिले. बायांच्या बहुतेक भिश्या अशाच चालतात.

दुसरी बोलीची भिशी. ज्याला गरज आहे त्याने सांगायचे, ‘मी इतके रुपये सोडतो, मला द्या.’ जो सगळ्यांत जास्त सोडेल, त्याला भिशी. सोडलेली रक्कम सगळ्यांत सारखी वाटली जाते आणि त्या महिन्याचा हप्ता तेवढ्याने कमी होतो. ‘भिशीत फायदा आहे’ असे जे म्हणतात, तो फायदा हाच. हा पैसा कुठल्या धंद्यातून येत नाही, जमिनीतून उगवत नाही. एकाच्या अडचणीतून निघतो आणि बाकीच्यांत वाटला जातो. त्यामुळे विचारायचे ते एवढेच, की आपण कोणत्या बाजूला आहोत?

एक भिशी मांडून पाहू

उदाहरणासाठी बारा जणांची भिशी धरू. हप्ता महिना ३,००० रुपये, म्हणजे दर महिन्याला ३६,००० जमतात. सुरुवात नोव्हेंबरपासून. पहिली भिशी चालकाने बोलीशिवाय घ्यायची, हा बहुतेक ठिकाणचा रिवाज. सोडलेली रक्कम बाराही जणांत वाटायची. बोली अशी झाली असे समजा:

नोव्हेंबर – चालक, बोली नाही
डिसेंबर – ४,८०० रुपये सोडले
जानेवारी – ४,२००
फेब्रुवारी – ३,६००
मार्च – ३,६००
एप्रिल – ४,८००
मे – ६,०००
जून – ७,२००
जुलै – ४,८००
ऑगस्ट – २,४००
सप्टेंबर – १,२००
ऑक्टोबर – शेवटचा माणूस, बोली नाही

आकडे मुद्दाम सोपे घेतले आहेत, पण त्यांची चाल ओळखीची आहे. लग्नसराई आली की बोली चढते, पेरणी आली की शिगेला जाते, पीक उभे राहिले की उतरते.

सोडलेल्या रकमांची बेरीज ४२,६०० रुपये. बारा जणांत वाटली तर प्रत्येकाला ३,५५० मिळाले. म्हणजे वर्षभरात प्रत्येकाने ३६,००० ऐवजी ३२,४५० रुपये भरले. हा आकडा सगळ्यांना सारखा. फरक पडतो तो कुणी किती उचलले यात.

ऑक्टोबरचा माणूस पूर्ण ३६,००० घेतो. त्याला ३,५५० रुपये जास्त मिळाले. ऑक्टोबरच्या आधी त्याने २९,४५० रुपये टाकले होते आणि ते सरासरी सहा महिने बाहेर राहिले. हिशेब केला तर महिना शेकडा दोन रुपये व्याज पडते. कोणतीही बँक बचतीवर एवढे देत नाही. पण ज्याला वर्षभर पैशाची गरज पडत नाही, तोच ऑक्टोबरपर्यंत थांबू शकतो. तो पगारदार असेल, दुकानदार असेल, ओलिताचा बागाईतदार असेल. त्यात त्याचा काही गुन्हा नाही. पण थांबण्याची ऐपत ज्याच्याकडे आहे, नफा त्याचा.

डिसेंबरचा माणूस ४,८०० सोडून ३१,२०० घेतो. तोपर्यंत त्याने स्वतःचे ५,६०० भरले आहेत, म्हणजे लोकांचा पैसा त्याच्या हाती आला २५,६०० रुपये. तो पुढच्या दहा महिन्यांत थोडाथोडा फेडायचा, आणि वर्षाअखेर त्याला पडले फक्त १,२५० रुपये. हे महिना शेकडा एक रुपयाच्याही आत बसते. डिसेंबरात ही रक्कम कोण उचलतो, हे आपापल्या गावात पाहावे. पुष्कळदा तो खेडा खरेदी करणारा निघतो. बारा जणांचे पैसे घेऊन तो त्याच गावात कापूस आणि तूर भरतो. आपल्याच पैशाने आपलाच माल, तोही हंगामाच्या पडत्या भावात!

आता जूनचा माणूस

हा आपला माणूस. मृग लागायच्या आत बियाणे घरात हवे, खताचे पोते हवे, नांगरणी-वखरणीचे ट्रॅक्टरवाल्याला द्यायचे आहेत. तो ७,२०० सोडतो आणि २८,८०० घेऊन घरी येतो. त्याला वाटते, २८,८०० मिळाले आणि त्यासाठी ७,२०० सोडले.

पण त्या २८,८०० मध्ये लोकांचे पैसे किती? जूनच्या हप्त्यासकट त्याने आठ महिन्यांत स्वतःचे २१,१५० रुपये टाकले होते. म्हणजे त्याच्या हातात आलेल्या रकमेत त्याचाच पैसा २१,१५० आणि लोकांचा फक्त ७,६५०. आता जुलै ते ऑक्टोबर हे चार हप्ते भरायचे राहिले, त्यांची बेरीज ११,३०० रुपये. ७,६५० घेतले आणि चार महिन्यांत ११,३०० फेडले. जादा गेले ३,६५०.

हे व्याज महिना शेकडा सतरा रुपये पडते. ज्याला विश्वास वाटत नसेल त्याने करून पाहावे. ७,६५० वर सतराने जुलैचे व्याज १,३०० झाले. २,६०० भरले, मुद्दल राहिले ६,३५०. ऑगस्टचे व्याज १,०८० झाले, २,८०० भरले, राहिले ४,६३०. असेच पुढे नेले की ऑक्टोबरच्या हप्त्यात खाते मिटते. शेकडा पाचने देणाऱ्या सावकाराला गाव शिव्या घालते. त्या सावकाराकडून ७,६५० रुपये चार महिन्यांसाठी उचलले असते आणि एक पैसाही मध्ये फेडला नसता, तरी व्याज १,५३० झाले असते. आणि आठ महिने या माणसाची स्वतःची बचत भिशीत पडून होती, तिचे व्याज त्याला कुणी दिलेच नाही.

आणखी एक गोष्ट फळ्यावर मांडावी. डिसेंबरची बोली ४,८०० आणि जुलैचीही ४,८००. दोघांनाही वर्षाअखेर १,२५० रुपयेच जास्त पडले. पण डिसेंबरवाल्याने त्या पैशात २५,६०० रुपये दहा महिने वापरले. जुलैवाल्याच्या हाती लोकांचे आले ७,४५० आणि तेही तीन महिन्यांसाठी. त्याचा दर शेकडा आठ पडला. बोलीचा आकडा सारखा असला तरी व्याज सारखे नसते. जसजसे महिने सरतात, तसतसा भिशीतला आपला स्वतःचा पैसा वाढत जातो. उशिरा लावलेली मोठी बोली म्हणजे आपलाच पैसा आपणच विकत घेणे.

सगळ्या बारा जणांचा नफा-तोटा मांडला तर चौघे फायद्यात राहतात: चालक आणि शेवटचे तिघे. त्यांचा नफा मिळून १०,६०० रुपये. आठ जणांचा तोटाही मिळून तेवढाच. त्या १०,६०० पैकी ८,६०० रुपये एप्रिल, मे, जून आणि जुलैमध्ये उचलणाऱ्या चौघांच्या खिशातून गेले. हे चौघे कोण असतात, ते सांगायला नको.

वहीत न दिसणारा खर्च

हप्ता महिन्याचा असतो, पण आपली मिळकत महिन्याची नाही. ती वेचणीच्या दोन-तीन महिन्यांत येते. नोव्हेंबर-डिसेंबरात हप्ता द्यायचा म्हणून कापूस सवडीने विकता येत नाही. दारात आलेल्या व्यापाऱ्याला द्यावा लागतो. क्विंटलमागे दोनशे रुपये कमी घेतले आणि पाच क्विंटल असा गेला, तर हजार रुपये तिथेच गेले. भिशीच्या वहीत ते कुठेच लागत नाहीत. एकाधिकार खरेदीच्या काळात चुकारे थकायचे आणि शेतकरी तोवर उसनवारीवर काढायचा, ते जुन्यांना आठवत असेल. आता चुकाऱ्याची वाट पाहायलाही वेळ उरत नाही, कारण भिशीची तारीख ठरलेली असते.

आणि श्रावण-भाद्रपदात काय? कापूस पात्या-फुलांवर, ज्वारी पोटऱ्यात. घरात विकायला काही नाही, निंदणाची मजुरी मात्र रोज द्यायची. त्याच महिन्यांत भिशीचे शेवटचे हप्ते येतात. मग माणूस दुसऱ्या भिशीत नाव घालतो आणि ती उचलून पहिलीचे हप्ते भरतो. इथून पुढे त्याच्या हिशेबाला शेवट राहत नाही.

बुडते तेव्हा कुणाचे बुडते?

भिशी ज्याने उचलली तो कर्जदार झाला आणि ज्याने अजून उचलली नाही तो बिनतारण सावकार झाला. हप्ते चुकायला लागले की पहिले घाबरतात ते शेवटचे दोघे-तिघे. आमच्या उदाहरणातल्या ऑक्टोबरच्या माणसाला नफा ३,५५० होता, पण पणाला लागले होते २९,४५०. अशा आठ भिश्या सुखरूप पार पाडून मिळवलेला नफा २८,४०० होतो. नववी एकच पूर्ण बुडाली तर आठ भिश्यांची कमाई जाऊनही पदरचे भरावे लागते. शेकडा दोनचे व्याज गोड वाटते, त्यात ही जोखीम आधीच घातलेली असते.

शहरातल्या भिशीत बारा जणांचे बारा धंदे असतात. एकाचा बसला तरी अकरांचे चालू राहतात. आपल्या गावात बाराही जणांवर ढग एकच. पावसाने दडी मारली तर सगळ्यांकडे मारतो. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात बोंडे पोखरली, तेव्हा ती कुणा एकाचेच शेत शोधत आली नव्हती. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा रोकडीचा सगळाच व्यवहार ऐन कापसाच्या हंगामात अडकला. अशा वर्षी हप्ता चुकवणारा प्रत्येक जण लबाड नसतो. पण शेवटच्या माणसाचे पैसे जायचे ते जातातच, आणि त्याबरोबर गावातले बोलणेचालणेही जाते.

दुसरी जोखीम चालकाची. गावातल्या बारा जणांची भिशी सहसा तोंडओळखीवर आणि लाजेवर चालते. पण आता बाजाराच्या गावी लाखा-लाखाच्या, पन्नास-पन्नास जणांच्या भिश्या निघतात. एकच माणूस पाच-सहा भिश्या चालवतो आणि एकीचा पैसा दुसरीत फिरवतो. तो एका रात्रीत दिसेनासा झाला तर पन्नास घरे बसतात. चालक पहिली भिशी बोलीशिवाय घेतो. वरच्या उदाहरणात त्याला बिनव्याजी पैसा मिळाला आणि वर ३,५५० रुपये मिळाले. ही त्याची मजुरी आहे. ती कशाची? वसुलीची आणि जामिनकीची. जो चालक म्हणतो, ‘कुणी नाही भरलं तर मी काय करू,’ तो मजुरी घेऊन काम नाकारतो आहे.

कायदा काय म्हणतो

१९८२ चा चिट फंड कायदा आहे. त्याप्रमाणे भिशी सुरू करण्याआधी निबंधकाची परवानगी आणि नोंदणी लागते. चालकाला एका भिशीच्या रकमेएवढे तारण ठेवावे लागते. उचलणाऱ्याने पुढच्या हप्त्यांसाठी जामीन द्यायचा असतो. चालकाचे कमिशन पूर्वी शेकडा ५ पेक्षा जास्त घेता येत नव्हते, २०१९ च्या दुरुस्तीने ते ७ पर्यंत नेले. त्याच दुरुस्तीने एकट्या माणसाला चालवता येणाऱ्या भिश्यांच्या रकमेची मर्यादा १ लाखावरून ३ लाख केली.

गावातल्या भिश्यांची नोंदणी नसते, हे सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक बायांच्या भिशीने निबंधकाचे दार ठोठवावे, असे आम्ही म्हणणार नाही. पण नोंदणी नसलेली भिशी बुडाली, तर त्या कायद्याने ठेवलेले तारणही नाही आणि निबंधकाकडे दाद मागण्याची वाटही नाही, हे समजून पैसे टाकावेत. लाखाच्या भिशीत बोलावणाऱ्याला नोंदणीचा कागद मागावा. तो रागावला तर उत्तर मिळाले.

भिशीच्या नावाखाली दुसरेच काही विकणारेही फिरतात. ‘नंबर लागला की पुढचे हप्ते माफ’ अशी योजना म्हणजे भिशी नव्हे. आधी सुटलेल्यांचा खर्च मागे राहिलेल्यांच्या हप्त्यांतून निघतो. असल्या बक्षीस योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. बंगालमध्ये २०१३ साली शारदा समूह बुडाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला चिट फंड म्हटले. तिथे ना सभासदांची बोली होती, ना कुणी पाळीने रक्कम उचलत होता. ठेवी गोळा करून मोठ्या परताव्याचे आमिष दाखवणे एवढेच होते. ज्यात रक्कम आळीपाळीने सभासदांनाच मिळते, ती भिशी. पैसा एकाच बाजूला वाहत असेल, तर नाव काहीही असो, दूर राहावे.

मग करावे काय?

पहिले, बोली लावण्याआधी तीन आकडे लिहावेत. हाती किती येणार? त्यात आजवर भरलेला माझा स्वतःचा पैसा किती? पुढे किती भरायचे राहिले? पहिल्यातून दुसरा वजा केला की लोकांचा पैसा कळतो. तिसऱ्यातून तो वजा केला की व्याज कळते. चौथी पास झालेले पोरगेही हा हिशेब करील. तो झाल्याशिवाय तोंडातून बोली काढू नये.

दुसरे, बोलीला लगाम घालावा. आमची सूचना अशी: जितके महिने उरले, तितके शेकडा सोडायचे, त्याहून जास्त नाही. ३६,००० च्या भिशीत डिसेंबरात दहा महिने उरतात, तेव्हा जास्तीत जास्त ३,६००. जूनमध्ये चार उरतात, तेव्हा १,४४०. तेवढे सोडायला एकापेक्षा जास्त तयार असतील, तर त्यांच्यात चिठ्ठी टाकावी. थांबणाऱ्याला त्याचे योग्य व्याज मिळते आणि जूनच्या माणसाची सालटी निघत नाहीत.

तिसरे, सभासद मिसळून घ्यावेत. बाराही कपाशीवाले असतील तर बाराही जणांना पैसा मृगाच्या तोंडावरच लागणार, आणि जूनमध्ये भिशी तर एकच निघणार. दूधवाला, शिंपी, शिक्षक, अंगणवाडी ताई असे दर महिन्याला हातात पैसा येणारे लोक सोबत असावेत. एप्रिल ते जुलैच्या भिश्या शेतकऱ्यांसाठी आधीच राखून ठेवाव्यात, बोलीशिवाय.

चौथे, हंगामाप्रमाणे हप्ता. नोव्हेंबर ते मार्च मोठा, एप्रिलपासून लहान. महिना सारखा धरण्याची सक्ती कुणी केलेली नाही. आणि वाईट वर्षाचे कलम सुरुवातीलाच लिहावे: पाऊस गेला किंवा पीक गेले, तर सगळ्यांचे हप्ते निम्मे आणि मुदत वाढवायची. हे नोव्हेंबरात ठरले तर समजुतीने होते. सप्टेंबरात काढले तर भांडण होते.

पाचवे, वही सगळ्यांची. प्रत्येकाकडे नक्कल असावी, प्रत्येक हप्त्याला सही असावी, उचलणाऱ्याचे दोन जामीन असावेत. शक्य तिथे रोकड टाळून खात्यावर पैसे घ्यावेत, म्हणजे पुरावा राहतो. एका माणसाने एका वेळी एकच भिशी घ्यावी. जेवढे बुडाले तरी पेरणी थांबणार नाही, तेवढाच हप्ता धरावा.

सहावे, मायबहिणींच्या बचत गटांकडून शिकावे. १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांशी जोडले. गटातही शेकडा दोनने कर्ज घेतले जाते, पण ते व्याज गटातच राहते आणि कर्ज घेणारीलाही त्यात वाटा मिळतो. पैसा बँकेत, नोंद रजिस्टरात. ज्या घरात बाईचा गट नीट चालतो, तिथे जूनची नड आधी तिला विचारावी.

शेवटी पीककर्जाची गोष्ट

३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला वर्षाला शेकडा ७ व्याज, वेळेत फेडले तर ४. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत बसले तर तेवढेही नाही. वर्षाला शेकडा ७ हा दर एका बाजूला आणि जूनच्या बोलीतला महिना शेकडा १७ दुसऱ्या बाजूला. एवढ्या अंतरावर शेतकरी भिशीकडे का जातो? त्याला हिशेब येत नाही म्हणून जात नाही. पीककर्ज पेरणी उलटल्यावर हातात पडते म्हणून जातो. थकबाकीत अडकल्यामुळे बँकेचे दार बंद असते म्हणून जातो. आणि थकबाकी कशी होते? उत्पादन खर्च भरून निघेल एवढा भाव कापसाला आणि ज्वारीला मिळाला नाही की होते. तेव्हा भिशीत सुधारणा करणे हे आपले घरचे काम आहे, आणि वेळेवर पीककर्ज व मालाला रास्त भाव मागणे हे आपले बाहेरचे काम आहे. घरचे काम होत नाही म्हणून बाहेरचे सोडायचे नाही, आणि बाहेरचे होईपर्यंत घरचे अडवून धरायचे नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने एक तरी पुरी झालेली भिशी मांडून आणावी. नावे नकोत. महिना, बोली आणि उचलणाऱ्याचा धंदा, एवढे तीन रकाने पुरेत. शेतकऱ्याने उचललेल्या भिश्या एका बाजूला आणि इतरांनी उचललेल्या दुसऱ्या बाजूला मांडू. कुणाची गरज कुणाचा नफा झाली, ते सगळ्या जिल्ह्याला एका दुपारी दिसेल. आणि येत्या दिवाळीनंतर जी नवी भिशी बसेल, तिच्या पहिल्या पानावर बोलीची मर्यादा आणि वाईट वर्षाचे कलम लिहिल्याशिवाय कुणीही पहिला हप्ता टाकू नये.